शिंग आणि संकेत : युरोपातील मृगयेच्या व रणाच्या शिंगांच्या इतिहासाची एक चिकित्सा

१

वाद्यांच्या इतिहासग्रंथांतून शिंगाची कथा बहुधा एकाच साच्यातून सांगितली जाते. आदिमानवाने मेलेल्या बैलाचे शिंग टोकाशी छेदले आणि फुंकले. पुढे त्याच आकाराची धातूची नळी आली. ती लांब झाली, मग वेटोळी झाली. तिला झडपा बसल्या. आणि अखेर ती वाद्यवृंदात जाऊन बसली. ही कथा सुटसुटीत आहे, विद्यार्थ्याच्या स्मरणात राहणारी आहे, आणि तिच्यातील प्रत्येक टप्प्याला कोठे ना कोठे पुरावाही आहे. तथापि ती इतिहास म्हणून पुरेशी नाही. तिच्यात शेवटचा टप्पा हा आरंभापासूनच गृहीत धरलेला असतो. आणि त्यामुळे आधीच्या प्रत्येक शिंगाकडे ‘अद्याप वाद्य न झालेली वस्तू’ म्हणून पाहिले जाते. दोन किंवा तीन स्वरांपलीकडे न जाणारे पारध्याचे शिंग या कथेत अपूर्ण ठरते. ज्याने ते फुंकले त्याला मात्र त्यात काही उणे वाटत नव्हते. कारण त्याला गीत वाजवावयाचे नव्हते, काही सांगावयाचे होते.

प्रस्तुत विवेचनाचा रोख असा आहे की, मृगयेच्या आणि रणाच्या शिंगांचा आरंभीचा इतिहास हा मुख्यतः संकेतांचा इतिहास आहे. वाद्यरचनेचा इतिहास त्याच्या पोटात येतो. हा केवळ दृष्टिकोनाचा फरक नव्हे. जुन्या ग्रंथात ‘त्याने शिंग फुंकले’ असे वाक्य आले की ते कसे वाचावयाचे, हा प्रश्न त्यावर अवलंबून आहे. कोणती वस्तू फुंकली, कोणासाठी फुंकली, ऐकणाऱ्याला त्यातून काय कळले, आणि ऐकणाऱ्याने चुकीचे काही घेतले असते तर ते का शक्य झाले असते, हे प्रश्न न विचारता पुढे गेलेला वाचक काव्याचाही अर्थ चुकवितो आणि इतिहासाचाही.

२

पहिली अडचण नावांची आहे. वस्तू एका ठिकाणी सापडते, नाव दुसऱ्या ठिकाणी. आणि दोहोंची गाठ घालणारा अभ्यासक तिसऱ्याच काळातला असतो. डेन्मार्कमध्ये ब्रुडेव्हेल्टे येथे १७९७ साली दलदलीतून कांस्याची सहा वळणदार शिंगे निघाली. उत्तर युरोपच्या कांस्ययुगाच्या उत्तरार्धातील ही ओतकामाची कारागिरी पाहून आजचाही तंत्रज्ञ थक्क होतो. अशी शिंगे पुष्कळदा जोडीने सापडतात, आणि जोडीतील एकाचे वळण दुसऱ्याच्या वळणाचे आरशातील प्रतिबिंब असावे तसे असते. त्यांना आज ‘लूर’ म्हणतात. परंतु हे नाव त्यांच्या निर्मात्यांनी दिलेले नाही. आइसलँडी सागांमध्ये योद्ध्यांना बोलाविणाऱ्या वाद्याला जो शब्द आहे, तो एकोणिसाव्या शतकातील पुराणवस्तुसंशोधकांनी या कांस्य-शिंगांना लावला. सागांचा काळ आणि या शिंगांचा काळ यांमध्ये सुमारे दोन सहस्र वर्षांचे अंतर आहे. नाव लागताच मात्र त्याबरोबर अर्थही लागला. आणि लूर हे रणवाद्य होते अशी समजूत पसरली. जोडीने घडविलेली, दलदलीत अर्पण केल्याप्रमाणे ठेवलेली ही शिंगे रणापेक्षा देवकार्याकडे अधिक बोट दाखवितात. तरी शब्दाची छाया अजूनही त्यांच्यावरून पुरती सरलेली नाही.

रोमन सैन्याच्या बाबतीत ग्रंथ आणि वस्तू या दोहोंचाही पुरवठा आहे. तरीही गोंधळ कमी नाही. इ. स. ११३ मध्ये उभारलेल्या ट्रेजनच्या स्तंभावर सैनिकांच्या खांद्यावरून वळून गेलेली, मध्ये आडवी दांडी असलेली मोठी वर्तुळाकार शिंगे कोरलेली आहेत. पॉम्पेईच्या उत्खननात त्याच जातीची कांस्याची शिंगे सापडली. अभ्यासक त्यांना ‘कॉर्नू’ म्हणतात; लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ जनावराचे शिंग एवढाच आहे. परंतु चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा पाचव्याच्या आरंभी लिहिणारा व्हेजिशियस आपल्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात निराळेच सांगतो. त्याच्या मते सरळ असते ती ‘तूबा’; कांस्याच्या वर्तुळात स्वतःवरच वळलेली असते ती ‘बुक्किना’; आणि ‘कॉर्नू’ म्हणजे रानबैलाचे, रुप्याने मढविलेले शिंग. म्हणजे ज्या वस्तूला आजचा संग्रहालयाचा फलक कॉर्नू म्हणतो, तिला व्हेजिशियसच्या व्याख्येप्रमाणे बुक्किना म्हणावे लागेल. येथे कोण चुकले असे विचारण्यात फारसे हशील नाही. तीन शतकांत वस्तू बदलल्या, नावे सरकली, किंवा ग्रंथकाराने ऐकीव माहिती लिहिली. यांपैकी काहीही संभवते. विद्यार्थ्याने घ्यावयाचा धडा एवढाच की, ग्रंथातील शब्द आणि उत्खननातील वस्तू यांचे लग्न लावताना दोहोंचीही जन्मवेळ पाहिली पाहिजे.

शब्दाच्या मोहाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र इंग्लंडच्या उत्तरेकडील आहे. कंबरलँड, वेस्टमरलँड इत्यादी सीमेवरील प्रदेशांत ‘कॉर्नेज’ नावाची एक जमीनधारणेची पद्धत होती. पंधराव्या शतकातील प्रसिद्ध न्यायविद लिटल्टन याने तिचा अर्थ असा दिला की, स्कॉट लोकांची धाड आली असता शिंग फुंकून प्रदेशाला सावध करावयाचे, ही या जमिनीच्या धारकाची चाकरी होय. अर्थ मोठा मनोहर आहे. डोंगराच्या माथ्यावर उभा असलेला पहारेकरी डोळ्यांसमोर येतो. पुढील संशोधनाने दाखवून दिले की, कॉर्नेज हा मुळात शिंगे असलेल्या जनावरांवरचा, म्हणजे गुरांच्या संख्येवर आकारलेला कर होता. शब्दातील शिंग फुंकण्याचे नव्हते, गोठ्यातले होते. एका व्युत्पत्तीने सीमेवरच्या कित्येक खेड्यांच्या हाती नसलेले शिंग दिले, आणि कायद्याच्या ग्रंथांनी ते शतकानुशतके वाजत ठेवले.

३

नावांची ही चिकित्सा केल्यानंतर कार्याकडे वळावे. व्हेजिशियसच्या वर्णनातील खरा महत्त्वाचा भाग वाद्यांच्या आकाराचा नसून कामाच्या वाटणीचा आहे. तूबा सैनिकांना चढाईला बोलाविते आणि माघारी घेते. कॉर्नू वाजते तेव्हा सैनिक नव्हे तर ध्वजधारी हलतात. प्रत्यक्ष लढाईत दोन्ही एकत्र वाजतात. आणि सेनापतीच्या अधिकाराची खूण असलेला ‘क्लासिकुम’ नावाचा घोष बुक्किना वाजविणारे करतात. येथे एक पूर्ण व्यवस्था दिसते. कोणत्या नादाला कोणी उत्तर द्यावयाचे हे ठरलेले आहे. गर्दीत, धुळीत, जेथे डोळ्याला आणि शब्दाला वाट नाही, तेथे कान हीच आज्ञेची वाट आहे. आणि कानाला गोंधळ होऊ नये म्हणून नादाचे वर्ग पाडलेले आहेत. वाद्याचा स्वर गोड आहे की कर्कश, हा प्रश्न या व्यवस्थेत उद्भवत नाही. तो इतरांहून वेगळा ओळखू येतो की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

याच्या अगदी उलट चित्र केल्टांच्या रणवाद्यांचे उभे केले जाते. ‘कार्निक्स’ नावाचे, उभ्या नळीच्या माथ्यावर रानडुकराचे आ वासलेले तोंड असलेले हे शिंग डेन्मार्कमध्ये १८९१ साली सापडलेल्या गुंडेस्ट्रुपच्या रौप्यपात्रावर तीन वादकांच्या हाती दिसते. स्कॉटलंडमध्ये डेस्कफर्ड येथे १८१६ मध्ये त्याचे कांस्याचे मस्तक सापडले. आणि फ्रान्समध्ये तँतिन्याक येथे २००४ साली एकाच खड्ड्यातून सात कार्निक्सांचे अवशेष निघाले. इ. स. पूर्व २२५ मधील तेलामोनच्या लढाईचे वर्णन करताना पोलिबियस सांगतो की, केल्टांच्या असंख्य शिंगांचा आणि रणगर्जनेचा असा कल्लोळ झाला की भोवतालचा मुलूखच ओरडत आहे असे वाटावे. डायोडोरस हाही गॉल लोकांच्या शिंगांचा नाद कर्कश आणि रणधुमाळीला साजेसा असल्याचे सांगतो. या साक्षींवरून असा निष्कर्ष काढला जातो की रोमनांचे शिंग आज्ञा देत होते आणि केल्टांचे शिंग केवळ भय पसरवीत होते.

हा निष्कर्ष तपासून घेतला पाहिजे. पोलिबियस आणि डायोडोरस हे दोघेही समोरच्या बाजूने ऐकणारे आहेत. ज्याला संकेताची किल्ली ठाऊक नाही त्याला प्रत्येक संकेत कल्लोळच वाटतो. परक्या भाषेतले बोलणे जसे बडबड वाटते तसेच हे आहे. रोमन तूबेचा नाद केल्टाच्या कानाला काय वाटला असेल, हे सांगणारा केल्ट इतिहासकार आपल्याला उपलब्ध नाही. १९९३ मध्ये डेस्कफर्डच्या अवशेषावरून कार्निक्सची प्रतिकृती बनविण्यात आली आणि ती वाजविली गेली, तेव्हा तिच्यातून केवळ आरोळीच नव्हे, तर अतिशय मंद व सूक्ष्म नादही काढता येतात असे दिसून आले. यावरून केल्टांनी ते नाद वापरलेच असे सिद्ध होत नाही. परंतु ‘हे वाद्य गोंगाटापलीकडे जाऊच शकत नव्हते’ असे म्हणण्याचा आधार मात्र सुटतो. भय पसरविणे आणि आज्ञा देणे ही कार्ये परस्परविरोधी नाहीत. एकच नाद आपल्या माणसाला आज्ञा आणि परक्याला भय होऊ शकतो.

४

शिंगाचा अर्थ ऐकणाऱ्यावर कसा अवलंबून असतो, याचे सर्वांत सखोल दर्शन मात्र कोणत्याही युद्धशास्त्रात नसून एका काव्यात आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस रचलेले ‘रोलाँचे गीत’ हे सुमारे चार हजार ओळींचे फ्रेंच वीरकाव्य ७७८ मधील राँसव्हो येथील पराभवावर उभे आहे. शार्लमानचा चरित्रकार आइनहार्ट या प्रसंगात पडलेल्यांत रोलाँचे नाव देतो. शिंगाचा उल्लेख करीत नाही. शिंग काव्याने आणले आहे, आणि सारी शोकांतिका त्यावर तोलून धरली आहे. त्याचे नाव ‘ऑलिफाँ’ म्हणजे हत्ती. वस्तू हस्तिदंताची असल्याने प्राण्याचेच नाव तिला मिळाले.

टीकाकारांचे लक्ष बहुधा एका प्रश्नावर खिळलेले असते : ऑलिव्हिएने तीनदा विनविले असता रोलाँने शिंग का फुंकले नाही, आणि सर्व संपत आल्यावर का फुंकले? शौर्य आणि विवेक यांचा हा झगडा खराच महत्त्वाचा आहे. परंतु शिंगाच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक प्रसंग त्यानंतरचा आहे. रोलाँ फुंकतो, त्याच्या कानशिलाची शीर तुटते, तोंडातून रक्त येते, आणि तो नाद डोंगरांपलीकडे तीस कोसांवर असलेल्या शार्लमानच्या कानी जातो. राजा म्हणतो की आपले लोक लढत आहेत. शेजारी असलेला गनेलाँ, ज्याने हा घात घडवून आणला आहे, तो हे नाकारतो. त्याचा युक्तिवाद असा की, रोलाँचा स्वभाव सर्वांना माहीत आहे; एखाद्या सशासाठीसुद्धा तो दिवसभर शिंग फुंकीत बसेल.

या एका वाक्यात मध्ययुगीन शिंगाचे सारे स्वरूप उघडे होते. गनेलाँचे खोटे बोलणे क्षणभर तरी टिकू शकते, याचे कारण असे की मृगयेचे शिंग आणि रणाचे शिंग ही दोन निराळी शिंगे नाहीत. तोच सरदार, तेच शिंग, तोच श्वास. नाद ‘कोणीतरी बोलावीत आहे’ एवढे निश्चित सांगतो. ‘कशासाठी’ हे तो आपण होऊन सांगत नाही. रोमन व्यवस्थेत ज्या ठिकाणी नियम होता, त्या ठिकाणी येथे ऐकणाऱ्याचा विश्वास आहे. म्हणून गनेलाँ नादाविषयी वाद घालीत नाही, फुंकणाऱ्याच्या स्वभावाविषयी घालतो. आणि राजाचे उत्तरही त्याच पातळीवर येते : या शिंगाचा श्वास दीर्घ आहे, असे तो म्हणतो. नेम सरदार त्यातून पुढचे अनुमान काढतो की, असा श्वास लढणाऱ्याचाच असतो, आणि जो तुम्हाला थांबवू पाहतो त्यानेच घात केला आहे. सशासाठी कोणी शीर तुटेपर्यंत फुंकीत नाही. संकेताची भाषा जेथे अपुरी पडते तेथे शरीराची झीज हीच साक्ष होते.

‘ससा’ हा शब्दही सहज आलेला नाही. दोन शतकांहून अधिक काळानंतर, इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याच्या पदरी असलेला शिकारी गिलोम ट्विटी याने मृगयेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. काळवीट, रानडुक्कर, लांडगा यांच्या पाठलागासाठी शिंगाचा जो विशिष्ट घोष करावयाचा, तो सशासाठी करू नये असे त्यात सांगितले आहे. आणि कारण दिले आहे ते असे की, ससा कधी नर असतो तर कधी मादी. हा समज त्या काळी सर्वत्र होता. ट्विटीचा नियम रोलाँच्या काळाला जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु शिंगाच्या मानमरातबात ससा तळाशी होता, एवढी परंपरा यावरून दिसते. गनेलाँ रोलाँला केवळ शिकारीचा शौकीन म्हणत नाही, तर क्षुद्र सावजासाठी थोर शिंग वाजविणारा म्हणतो. ज्या श्रोत्यांना मृगयेचे शिष्टाचार तोंडपाठ होते त्यांना या वाक्यातील विष जसे लागले असेल, तसे ते आजच्या वाचकाला लागत नाही. टीकेचे काम ते पुन्हा लागू करून देणे हे आहे.

काव्याने हे सूत्र अखेरपर्यंत सोडलेले नाही. मरणोन्मुख रोलाँ पुन्हा एकदा शिंग फुंकतो तेव्हा तो नाद क्षीण असतो, आणि राजा त्या क्षीणतेवरूनच ओळखतो की हा आता जगत नाही. तो साठ हजार शिंगे एकदम वाजविण्याची आज्ञा देतो. तो गजर ऐकून शत्रूलाही कळते की शार्लमान परतला. एकाच्या क्षीण श्वासाला सैन्याच्या श्वासाने दिलेले हे उत्तर आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण आणि पांडव यांच्या शंखांना स्वतंत्र नावे आहेत, हे मराठी वाचकाला या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. परंतु तेथे शंखनाद युद्धाचा आरंभ जाहीर करतो. येथे शिंग एका माणसाच्या श्वासाचा हिशेब देते.

५

ऑलिफाँ या काव्यातच राहिला नाही. अकराव्या आणि बाराव्या शतकांतील कोरीव हस्तिदंती शिंगे युरोपातील अनेक प्रार्थनामंदिरांच्या भांडारांत व संग्रहालयांत आहेत. त्यांपैकी पुष्कळांची कारागिरी दक्षिण इटलीची मानली जाते. ती फुंकता येतात. पण सर्व फुंकण्यासाठीच होती असे नाही. यॉर्कच्या महामंदिरातील उल्फचे शिंग जमिनीच्या दानाची खूण म्हणून दिले गेले, अशी परंपरा आहे. सॅव्हरनेक अरण्याच्या वंशपरंपरागत रक्षकांचे म्हणून ओळखले जाणारे शिंग बाराव्या शतकातील हस्तिदंताचे असून त्याचे रुप्याचे मढविणे चौदाव्या शतकातील आहे. जेथे लेख वाचणारे थोडे होते, तेथे शिंग हाच दस्तऐवज होता. ‘हे शिंग ज्याच्या घरी तो या अरण्याचा धनी’ या वाक्यात शिंग मुके असूनही बोलते. वाद्याच्या इतिहासाने ही मुकी शिंगे वगळली तर शिंगाच्या प्रतिष्ठेचा उगमच हरवतो.

रोलाँच्या काळी जे विश्वासावर सोपविलेले होते, ते पुढील तीन शतकांत मृगयेच्या शास्त्राने नियमात आणले. ट्विटी शिंगाचे घोष अक्षरांत लिहितो; तबल्याचे बोल जसे तोंडाने म्हणून शिकविले जातात, तसाच हा प्रकार. फ्वाचा सरदार गास्ताँ फेब्यूस याने १३८७ मध्ये लिहावयास घेतलेल्या आपल्या मृगयाग्रंथात आरोळी कशी द्यावी आणि शिंग कसे फुंकावे याला स्वतंत्र प्रकरण दिले. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील त्याच्या सचित्र हस्तलिखितात शिकवणी चाललेल्या शिष्यांची शिंगे ओठांशी लावलेली दिसतात. परंतु सर्वांत मोलाचा पुरावा १३९४ मधील, आर्दुएं द फाँतेन-गेराँ याच्या ‘मृगयेचा खजिना’ या पद्यग्रंथाचा आहे. त्यात चौदा संकेत चिन्हांनी लिहून दाखविले आहेत. ही चिन्हे काळ्या आणि पांढऱ्या चौकोनी खुणा आहेत. आणि त्या सर्व एकाच स्वरावरच्या आहेत.

आधुनिक संगीतज्ञाला हे दारिद्र्य वाटते. प्रत्यक्षात तेथे दारिद्र्य नाही, निवड आहे. लहान, शंकूच्या आकाराच्या शिंगातून एक भक्कम स्वर निघतो. फार तर वरचा एखादा. म्हणून भेद स्वराच्या उंचीत न ठेवता काळात ठेवला : लांब फुंक, आखूड फुंक, जोडलेल्या फुंका, आणि मधली विश्रांती. संस्कृत छंदःशास्त्र ज्याला परिचित आहे त्याला ही लघु-गुरूंची रचना समजावून सांगावी लागत नाही. एकाच स्वरावर, केवळ लगावलीच्या बळावर, सावज उठले, माग चुकला, पाण्यात शिरले, सावज पडले, मदत पाहिजे, घरी परतावे, असे निरनिराळे अर्थ वाहिले जात. झाडीमुळे एकमेकांना न दिसणारे शिकारी आणि चहूंकडे पांगलेले कुत्रे यांना एका बुद्धीने चालविण्याचे हे साधन होते. माणसाइतकेच कुत्र्यालाही ते कळणे आवश्यक होते, ही अटही विसरता कामा नये. कारण स्वरमालिकेचे सूक्ष्म भेद ओळखण्याची अपेक्षा कुत्र्यांकडून करणे व्यवहार्य नव्हते, लयीच्या ठळक भेदांची होते. जाक द्यु फुइयू याच्या १५६१ मधील मुद्रित ग्रंथातही संकेत एकाच स्वरावरचे आहेत. आणि त्याचा मोठा उपयोग करून घेतलेला टर्बरव्हिलचा इंग्रजी ग्रंथ १५७५ मध्ये आला तेव्हा त्यानेही फुंकण्याची मापे शेवटी जोडली. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे ही पद्धती जिवंत होती. जी पद्धती इतका काळ टिकली तिला ‘प्राथमिक अवस्था’ म्हणून निकालात काढणे हे इतिहासकाराच्या अधीरतेचे लक्षण होय.

६

सतराव्या शतकात स्थिती पालटली. मेर्सेनच्या १६३६ मधील ग्रंथात वेटोळ्याच्या शिंगाची आकृती आहे. आणि शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये खांद्यावरून अडकविता येईल असे मोठ्या वलयाचे धातूचे शिंग रूढ झाले. नळी लांबली की स्वयंभू स्वर जवळजवळ येतात, आणि त्यांतून धून गुंफता येते. चौदाव्या लुईच्या दरबारी मृगया हा समारंभ होता. त्याला एकस्वरी संकेत अपुरा वाटला. पुढे मार्किस द दाँपिएर (१६७६–१७५६) याने प्रत्येक प्रसंगासाठी, प्रत्येक जातीच्या काळविटासाठी, स्वतंत्र धुना रचल्या. बोहेमियाचा काउंट श्पोर्क याने १६८० च्या सुमारास आपले दोन सेवक पॅरिसला पाठवून ही कला आपल्या मुलखात आणविली, आणि तेथून ती मध्य युरोपच्या वाद्यवृंदांत शिरली.

येथे नेहमीची कथा विजयाचा सूर लावते. वस्तुतः हा लाभ आणि हानी यांचा सौदा होता. धून लक्षात ठेवण्यास सोपी आणि ऐकण्यास रम्य असते; पण ती ऐकण्यासाठी थांबावे लागते. संकेत थांबवीत नाही, धाडतो. दाँपिएरच्या धुना पुष्कळदा झालेल्या घटनेचा गौरव करतात. आर्दुएंच्या चौकोनी खुणा चाललेल्या घटनेला वळण देतात. संकेताचे समारंभात रूपांतर झाले, त्यानंतरच शिंग दरबारी संगीतात येऊ शकले. योहान सेबास्टियन बाखने १७२१ मध्ये अर्पण केलेल्या ब्रांडेनबुर्ग रचनांपैकी पहिलीच्या आरंभी दोन शिंगे तंतुवाद्यांच्या लयीला छेद देत आपलीच तिपटीची लय घेऊन येतात. वाद्यवृंद एका शिस्तीत चालला आहे आणि अरण्य अवचित दाराशी उभे राहिले आहे, असा तो प्रवेश आहे. बाखच्या श्रोत्याला त्यातला पारध्याचा घोष ओळखता येत होता, म्हणून त्या विसंवादाला अर्थ होता. आजच्या श्रोत्याला तो केवळ लयीचा खेळ वाटतो. संकेत विसरला की संगीताचाही एक थर झिजतो.

मात्र संकेत मेला नव्हता. तो पुन्हा रणाकडे वळला होता. सप्तवार्षिक युद्धात हॅनोव्हरच्या सैन्यात वनरक्षक आणि शिकारी यांच्यातून भरलेल्या ‘येगर’ तुकड्या होत्या. झाडीत विखरून लढणाऱ्या या लोकांना रांगेच्या पायदळाचे पडघम निरुपयोगी होते. त्यांनी १७५८ च्या सुमारास आपल्या धंद्यातलेच अर्धचंद्राकृती शिंग रणात आणले. पुढील दशकांत इंग्रजांच्या हलक्या पायदळाने त्याचा स्वीकार केला. त्यातून ‘ब्यूगल’ निघाले. हा शब्दही मूळ लॅटिनमधील गोऱ्ह्याच्या नावावरून आलेला, आणि प्रथम रानबैलाच्या शिंगाला लावलेला. ज्या गरजेतून मृगयेचा संकेत घडला होता, म्हणजे पांगलेल्या, परस्परांना न दिसणाऱ्या माणसांना एकत्र चालविणे, तीच गरज युद्धात निर्माण झाली. आणि जुने साधन नव्या कामी आले. ‘शिंगाचा विकास सरळ रेषेत वाद्यवृंदाकडे झाला’ या कथेत या वळणाला जागाच नाही.

या वळणाबरोबर गनेलाँचा प्रश्नही परत आला. १६ सप्टेंबर १७७६ रोजी न्यूयॉर्कजवळ हार्लेम हाइट्स येथे अमेरिकन तुकडी मागे हटत असता इंग्रजांच्या हलक्या पायदळाने शिंगे फुंकली. वॉशिंग्टनचा अधिकारी जोसेफ रीड याने आपल्या पत्नीला पत्रात लिहिले की, खोकडाची शिकार संपल्यावर जसा घोष करतात तसा तो अपमानकारक घोष होता, आणि त्याने आपले मन लज्जेने भरले. शत्रूने मुद्दाम हिणविले, असे इतिहासग्रंथ बहुधा रीडच्याच शब्दांवर विसंबून सांगतात. परंतु ज्या पायदळाचे शिंग आणि त्याचे घोष मृगयेतूनच आले होते, त्याच्या साध्या हालचालीचा संकेतही शिकारीच्या घोषासारखा ऐकू येणे अशक्य नाही. रीडने काय ऐकले हे पत्रावरून निश्चित आहे. इंग्रजांनी काय म्हटले हे त्यावरून निश्चित होत नाही. गनेलाँने रणाचे शिंग मृगयेचे म्हणून सांगितले. रीडने रणातल्या शिंगात मृगया ऐकली. एकाने ते जाणूनबुजून केले, दुसऱ्याने दुखावलेल्या मनाने. दोहोंच्या मुळाशी शिंगाची तीच संदिग्धता आहे.

७

या विवेचनातून पद्धतीविषयी तीन गोष्टी हाती लागतात. नाव आणि वस्तू यांचा संबंध प्रत्येक काळासाठी स्वतंत्रपणे सिद्ध केला पाहिजे. कॉर्नेजच्या उदाहरणात तो न केल्याने एक संपूर्ण चाकरी कल्पनेतून उभी राहिली. साक्षीदार कोणत्या बाजूने ऐकत होता हे पाहिले पाहिजे; पोलिबियस आणि रीड हे दोघेही खरे बोलतात, पण ते ऐकल्याचे सांगतात, वाजविल्याचे नव्हे. आणि वाद्याची योग्यता त्याच्या कार्यावरून ठरविली पाहिजे, पुढे येणाऱ्या वाद्याशी तुलना करून नव्हे.

हा धडा मराठीच्या अभ्यासकाला दूरचा नाही. आपले ‘शिंग’ तांब्यापितळेचे असूनही जनावराचे नाव बाळगते. ‘तुतारी’ आणि ‘शिंग’ ही नावे कधी एकाच वाद्याला, कधी दोन आकारांना लावली जातात. आणि इंग्रजांच्या पलटणीबरोबर आलेला ‘बिगूल’ हा शब्द व्युत्पत्तीने पुन्हा गोऱ्ह्याच्याच शिंगाशी जाऊन पोहोचतो. बखरीत किंवा पोवाड्यात शिंग वाजले असे वाचताना ते कोणाचे, कोणासाठी आणि कोणत्या लगावलीत वाजले हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘रणशिंग फुंकणे’ हा वाक्प्रचार आज वृत्तपत्रांत निवडणुकीच्या बातमीपुरता उरला आहे. त्यातील शिंग कोणी ऐकत नाही.

फ्रान्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि इटली येथील मृगयाशिंगाच्या वादनकलेला २०२० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे गौरव झाला तो वादनतंत्राचा, श्वासावरील प्रभुत्वाचा आणि सहवादनाच्या आनंदाचा. हे उचितच आहे. तथापि ज्या चौकोनी खुणांनी एकेकाळी न दिसणाऱ्या माणसाला अरण्यात वाट दाखविली, त्यांचे वाचन हे वादकाचे काम नसून अभ्यासकाचे आहे. आणि ते अद्याप पुष्कळसे व्हावयाचे आहे. शार्लमानने तीस कोसांवरून जे ओळखले, ते शिंगाच्या स्वरावरून नव्हे, त्यामागच्या श्वासावरून. ग्रंथांतून शिंग ऐकणाऱ्याने तेवढे तरी कान उघडे ठेवले पाहिजेत.